वरच्या खाचराचा बांध



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘मूळ कर्ता उत्तर देत नाही तेव्हा’ असा छापला आहे. तो वाचून एका हितचिंतकांनी फोन केला, ‘हे वारसाहक्काबद्दल आहे का? आमचा एक दावा चालू आहे.’ मी म्हटलं, नाही हो, सॉफ्टवेअरबद्दल आहे. ते जरा हिरमुसले. पण नंतर विचार करताना वाटलं, त्यांचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता. हा वारसाचा, वहिवाटीचा आणि शेजारधर्माचाच विषय आहे. फक्त सात-बारा नाही, संगणकाचा प्रोग्राम आहे.

आपल्याकडे भाताची खाचरं डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी उतरत येतात. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं त्याच्या खालच्यात. समजा, ऐन आषाढात एका रात्री वरच्या खाचराचा बांध फुटला. मालक मुंबईला. फोन लागत नाही. लागण नुकतीच झालेली, तुमची रोपं वाहून चाललीत. तुम्ही काय करता? फावडं घेता आणि बांध घालता. कोणी तुम्हाला अडवत नाही, कोणी परवानगी विचारत नाही. पण त्याच फावड्यानं तुम्ही बांध चार बोटं वर सरकवलात, तर त्याला आपण दुसरा शब्द वापरतो. त्याला बांध कोरणं म्हणतात, आणि त्यावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात. फावडं तेच, चिखल तोच, रात्रही तीच. बांध घालणं आणि बांध कोरणं यांतला फरक कशानं ठरतो, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सगळ्यांना उघडा आहे आणि जो वापरण्याची, बदलण्याची, पुढे वाटण्याची मुभा कर्त्यानं परवान्यात लिहून दिलेली आहे. पण कोड उघडा असला म्हणून तो तुमच्या संगणकावर आपोआप चालत नाही. भात कापलं म्हणजे ताटात आलं असं होत नाही. झोडपणी आहे, गिरणी आहे, पोतं आहे, पोत्यावरची चिठ्ठी आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे काम करणाऱ्याला पॅकेज मेंटेनर म्हणतात. तो मूळ कोड घेतो, तपासतो, इतर प्रोग्रामांशी त्याचं जमवून देतो, आणि एका आज्ञेत बसवता येईल असं पॅकेज करून ठेवतो. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची जून २०२३ मधली आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात ६४,४१९ पॅकेजेस होती. ती बांधणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. मूळ कर्त्याला या मंडळींच्या भाषेत ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. आपल्या भाषेत, वरच्या अंगाचा.

आता माझी गोष्ट. मी मूळचा वेल्हे तालुक्यातला, नोकरी पुण्यात, आणि रात्रीचा छंद पॅकेजिंगचा. काही वर्षांपूर्वी एका परिचितांनी भोरमधल्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर मला दिला. युनिकोड रुळण्याआधीच्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेला. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती सगळी पानं म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा, सुरेख प्रोग्राम मला सापडला. कोणा मराठी माणसानं एकट्यानं लिहिलेला. शेवटचा बदल कित्येक वर्षांपूर्वीचा. चालवून पाहिला आणि मजकूर झरझर मराठी झाला. मी खूश. मग वाचायला बसलो, तर पहिल्याच लेखात मावळच्या वर्णनात ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ आला होता.

मित्रहो, राजगडाच्या पायथ्याला दर्या! एका रफारानं मावळचं कोकण करून टाकलं.

झालं होतं एवढंच, की आपला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, ‘दऱ्या’, ‘खोऱ्या’, ‘पायऱ्या’मधला, जुन्या फॉन्टमध्ये वेगळ्या जागेवर ठेवलेला होता आणि प्रोग्रामच्या तक्त्यात ती जागा साध्या रफाराला जोडली गेली होती. त्यातही युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं तर एक सापडतं आणि दुसरं हुकतं. दुरुस्ती एका ओळीची होती. मी ती कर्त्याला पाठवली आणि सोबत विचारलं, हा प्रोग्राम डेबियनसाठी बांधू का?

पोच आली नाही.

महिन्यानं आठवण केली. पोच नाही. प्रोग्रामसोबत दिलेलं संकेतस्थळ बंद होतं. पत्ता ज्या सेवेचा होता तीही असेल-नसेल. इथे एक सांगायला हवं. संकेतस्थळ बंद झालं म्हणजे माणूस नाहीसा झाला असं नव्हे. जगभरच्या असंख्य छोट्या प्रकल्पांचं घर असलेलं ‘गूगल कोड’ जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. ‘फेडोरा होस्टेड’ २०१७ मध्ये बंद झालं. लोहित हा आपल्या परिचयाचा मुक्त फॉन्ट तिथेच वाढला होता, तो वेळेत दुसरीकडे हलवला गेला. सगळ्यांनाच ते जमलं नाही. वाडा पडला, पत्ता तोच राहिला, असं आपल्या गावठाणातही होतं.

आणि मौनाचेही प्रकार असतात. पानशेतच्या पलीकडच्या वाड्यांत पावसात वीज गेली की माणूस गप्प असतो, पण रुसलेला नसतो. कोणाचं मूल आजारी असतं, कोणाची नोकरी बदललेली असते, कोणाला त्या कामाचा कंटाळा आलेला असतो आणि तसं सांगायचा संकोच वाटत असतो. काही जण मुद्दामच क्वचित बोलतात. डोनाल्ड क्नुथ हे टेक् या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचे कर्ते. त्यांनी चुकांचा निपटारा २०१४ मध्ये केला, मग २०२१ मध्ये, आणि पुढचा २०२९ मध्ये ठरवला आहे. त्याला मौन म्हणत नाहीत, वेळापत्रक म्हणतात. तेव्हा ‘उत्तर नाही’ या दोन शब्दांत सगळ्यांना कोंबू नये. पहिला धडा हा.

दुसरा धडा मला जास्त महागात पडला. मी मनाशी म्हटलं, उत्तर येत नाही ना, मग घेऊ बांधायला. पॅकेज तयार करायला बसलो आणि पहिलाच प्रश्न आला: परवाना काय? प्रोग्रामच्या माथ्यावर जीपीएल हा मुक्त परवाना लिहिलेला होता, म्हणजे तिथे रस्ता मोकळा. पण सोबत शब्दांची एक मोठी यादी होती, रूपांतर बरोबर झालं का हे तपासायला. त्या यादीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती त्यांनी केली, की कुठून उचलली, की कोणी दिली, कळायला मार्ग नाही. आणि आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा काय सांगतो? कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याचा किंवा त्याच्या वारसांचा. तो तुमच्या पत्राला उत्तर देत नाही, या कारणानं त्यातला एक दिवसही कमी होत नाही.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. मौनातून अधिकार निघत नाही. अधिकार निघतो तो परवान्यातून, आणि परवाना कर्त्यानं बोलता असताना दिलेला असतो. डॅनियल बर्नस्टाइन यांचा क्यूमेल हा टपाल हाताळणारा प्रोग्राम घ्या. १९९८ मध्ये १.०३ ही आवृत्ती आली आणि तिथेच थांबली. लोकांना तो हवा होता, दुरुस्त्याही तयार होत्या. पण बदललेली प्रत वाटायची परवानगी नव्हती. मग वाटणाऱ्यांनी मूळ कोड जसाच्या तसा दिला, दुरुस्त्यांचं बाड वेगळं दिलं, आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरी ते जोडून घ्यावं अशी सोय केली. नोव्हेंबर २००७ मध्ये बर्नस्टाइन यांनी तो सार्वजनिक मालकीचा करून टाकला तेव्हा ही कसरत संपली. नऊ वर्षं बांध न कोरता माणसांनी भात पिकवलं.

मीही ती शब्दयादी बाजूला ठेवली. आम्ही चौघांनी मिळून, स्वतःच्या वाचनातून, नवी छोटी यादी केली. चार महिने गेले. मूळ यादीच्या निम्मीही झाली नाही. पण ती कुठून आली हे आम्हाला ठाऊक आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि ती सांगायला या मावळ मुलखाइतकी योग्य जागा नाही. इथून जवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. कोणत्या साली, कोणत्या तिथीला काय घडलं याची टिपणं, इसवी सन १६१८ पासून १६९७ पर्यंतची. लोकमान्य टिळकांच्या हाती ती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात शिवरायांच्या जन्माची नोंद होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी असलेली तिथी वेगळी होती, वैशाखातली, १६२७ ची. क्षणभर कल्पना करा, छापणाऱ्यानं म्हटलं असतं, ‘लेखनिकाची चूक दिसते, दुरुस्त करून टाकू, विचारायला लेखक कुठे आहे?’ तर आज आपण कोणत्या दिवशी जयंती करत असतो? शकावलीच्या कर्त्याला पत्र पाठवायची सोय नव्हती. म्हणूनच त्याच्या अक्षराला हात लावायचा नव्हता. मूळ मजकूर जसाच्या तसा, आणि आपलं म्हणणं टीपेत.

डेबियनच्या पॅकेजची घडण नेमकी अशीच आहे. मूळ कोडचं गाठोडं एक, परवान्याची अडचण नसेल तर त्याला कोणी हात लावत नाही. त्याच्या शेजारी दुसरं गाठोडं, त्यात आपली प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र फाइलमध्ये. प्रत्येक दुरुस्तीच्या माथ्यावर लिहायचं: ही कशासाठी, कोणी केली, मूळ कर्त्याला कळवली का, कधी कळवली. ‘दऱ्या’ची माझी एका ओळीची दुरुस्ती अशीच वेगळी आहे, आणि तिच्या डोक्यावर अकरा ओळी आहेत. उद्या कर्ता परत आला आणि म्हणाला, ‘अहो, तो तक्ता मी मुद्दाम तसा केला होता’, तर ती एक फाइल काढली की त्याचं काम त्याला अबाधित मिळतं. दुरुस्ती कितीही बरोबर असो, ती उचलून बाजूला ठेवता आली पाहिजे. घातलेला आणि कोरलेला बांध ओळखायची ही एक खूण.

पण काही वेळा डागडुजीनं भागत नाही. कारभारच हाती घ्यावा लागतो. त्याचीही रीत आपल्याला नवी नाही. मराठेशाहीत एखादा मिरासदार दुष्काळानं किंवा धामधुमीनं परागंदा झाला की त्याची जमीन गतकुळी म्हटली जाई. जमीन पडीक ठेवायची नाही, सारा तर भरायचा असतो. म्हणून ती दुसऱ्याला कसायला दिली जाई. पण मिरासीचा हक्क लगेच पुसला जात नसे. आणि वतनाचा तंटा निघाला तर गोत बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. त्यावर पाटलाचा नांगर उमटे, इतरांच्या आपापल्या निशाण्या उमटत. कोणी कधी कोणासमोर काय कबूल केलं, याचा तो कागद.

आता डेबियनचं पाहा. पॅकेजचा मेंटेनरच गायब झाला, तर त्याची चौकशी करणारं एक पथक आहे. आधी प्रेमानं विचारणा, मग आठवण, मग शेवटची सूचना. एखादं दुर्लक्षित पॅकेज कोणाला हाती घ्यायचं असेल तर तसा इरादा चारचौघांत नोंदवायचा, किमान २१ दिवस थांबायचं, आणि त्यानंतरही नवी प्रत निदान सात दिवस वेशीवर थांबवून ठेवायची, म्हणजे मूळ माणसाला ‘मी आहे’ म्हणायला जागा राहते. पायथॉन भाषेच्या पॅकेज-भांडाराचा नियम आणखी बोलका आहे. मालकाशी तीनदा संपर्काचा प्रयत्न, सहा आठवड्यांची वाट, आणि वर्षभरात नवी आवृत्ती नाही, तेव्हाच प्रकल्प सोडून दिलेला मानायचा. तेवढ्यानंही नाव मिळत नाही. अर्जदारानं स्वतः काय सुधारणा केल्या ते दाखवायचं, आणि दुसऱ्या नावानं काम का भागत नाही तेही सांगायचं. गोत तेच, महजर तोच; फक्त नांगराची निशाणी गेली.

मुदती इतक्या लांबवायच्या कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. त्यांना मी एक्सझेडची गोष्ट सांगतो. फाइली दाबून लहान करणारा हा प्रोग्राम जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकावर असतो. तो लासे कॉलिन नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं एकट्यानं सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: काम सावकाश चाललंय, दुसऱ्याला सूत्रं द्या. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं होतं, प्रकृतीमुळे मला मर्यादा आहेत. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावानं कोणी तरी मदतीला आलं होतं. नम्र, कामसू, चिकाटीचं. दोन-अडीच वर्षं इमानदारीनं काम केलं, विश्वास कमावला, सूत्रं मिळवली. आणि फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो पूर्णपणे उघड्या कोडमध्ये नव्हताच. तो जागा करणारी कळ फक्त वाटपासाठी तयार केलेल्या गाठोड्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन करताना अर्धा सेकंद उशीर होतोय असं जाणवलं, तो त्याच्या मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ ला त्यानं ते जाहीर केलं. अर्ध्या सेकंदानं जग वाचलं.

बारकाईनं पाहा. कॉलिन यांचं सावकाश उत्तर देणं हा धोका नव्हता. त्या शांततेत ‘मी करतो ना, तुम्ही कशाला त्रास घेता’ म्हणत जो घरात शिरला, तो धोका होता. आणि त्याला वाट करून दिली ती घाई करणाऱ्यांनी. म्हणून मुदती लांब, म्हणून चारचौघांत, म्हणून कागदावर. आणि म्हणून आता मी बांधायला घेताना तयार गाठोडं आणि उघडा कोड एकमेकांशी ताडून पाहतो.

राहता राहिलं नाव. कर्ता सापडत नाही, बदल मोठे आहेत, तर सरळ नव्या नावानं वेगळी शाखा काढावी. त्यात गैर काही नाही. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये लिबरऑफिस नव्या नावानं निघालं, कारणं वेगळी असली तरी. मात्र जुन्या नावानं शोधत येणाऱ्याला वाट दाखवावी. डेबियनमध्ये जुन्या नावाचं एक रिकामं पॅकेज ठेवतात, त्याचं काम एवढंच: ‘आता इकडे या’. राज्य सरकारनं आपल्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, तरी म्हातारी माणसं तोंडानं वेल्हेच म्हणतात आणि काम अडत नाही. तसंच हे. आमच्या प्रोग्रामचे बदल लहान होते, म्हणून आम्ही नाव बदललं नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत पत्रलेखन शिकवताना एक वाक्य हटकून घालायला लावत: ‘पत्राची पोच द्यावी.’ आम्हाला ते मार्कांपुरतं वाटायचं. आज दोन्ही बाजूंना विनंती करतो. जे फुकट मिळालेलं सॉफ्टवेअर वापरतात, आणि इथे खिशात फोन असलेला प्रत्येक जण ते वापरतो, त्यांनी कधी तरी नुसतं आभाराचं पत्र लिहावं. तक्रारींच्या ढिगाऱ्यात बसलेला माणूस त्यावर आणखी वर्षभर तग धरतो. आणि इथल्या कॉलेजातली जी मुलं स्वतःचा कोड जगापुढे ठेवतात, त्यांनी आज घरी जाऊन त्यात तीन ओळी लिहाव्यात: परवाना कोणता, ही माहिती आली कुठून, आणि मी थांबलो तर पुढे कोणी पाहावं. थांबायची लाज नाही. न सांगता थांबू नये.

माझ्या त्या प्रोग्रामच्या कर्त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पॅकेजात पहिलं नाव त्यांचंच आहे, आमची नावं दुरुस्त्यांच्या फाइलींत आहेत, आणि राजगडाच्या पायथ्याला आता पुन्हा दऱ्या आहेत. दर वर्षी भातलागणीच्या सुमारास मी त्यांना एक पत्र टाकतो. यंदाचंही टाकलं आहे.